तीन दांड्या आणि एक उलटणारा ट्रॅक्टर

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे गाळलेत, बाकी बोललोय तसंच आहे.)

लोकलमध्ये किंवा एसटीत उभ्याने ऐकत असाल तर एक हात कडीला राहू द्या, कारण आज आपण एक ट्रॅक्टर मुद्दाम उलटा पाडणार आहोत. एकदा नाही, बऱ्याच वेळा. घाबरू नका, गेममध्ये पाडणार आहोत.

गेमचं नाव स्टॉर्मवर्क्स. खरं तर हा समुद्रातल्या बचावकार्याचा गेम आहे. वादळात अडकलेल्यांना वाचवायला बोटी आणि हेलिकॉप्टर स्वतः बांधायची. सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांनी. एक ठोकळा म्हणजे २५ सेंटीमीटर. इंजिन, गिअर, पंप, वायरिंग सगळं तुम्हीच जोडायचं, आणि वर कंट्रोलसाठी लॉजिकसुद्धा तुम्हीच लिहायचं. आता दिवसभर ऑफिसात कोड लिहिणारा माणूस रात्री घरी येऊन पुन्हा लॉजिक का लिहितो, हा प्रश्न माझी आई रोज विचारते. त्याचं उत्तर आज देतो.

ट्रॅक्टर चालवायचाच असेल तर फार्मिंग सिम्युलेटर आहे. पण तिथे ट्रॅक्टर तयार मिळतो. मला तो बांधून बघायचा होता. त्यासाठी मी निवडला फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात बनलेला, राखाडी रंगाचा, बुटका, साधा दिसणारा ट्रॅक्टर. तिकडे लोक प्रेमाने त्याला 'लिटल ग्रे फर्गी' म्हणतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ७० इंच, म्हणजे साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे माझ्या गेममध्ये बरोबर सात ठोकळे. मागचं चाक पाच ठोकळे उंच. वजन अकराशे किलोच्या आसपास. एका लहान मोटारीएवढं!

एवढासा ट्रॅक्टर इतिहासात महत्त्वाचा का? कारण आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतात जा, कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, त्याच्या मागे तीन दांड्या दिसतील. खाली दोन, वर एक. नांगर असो, रोटाव्हेटर असो, पेरणी यंत्र असो, सगळं त्या तीन दांड्यांना लागतं. त्या दांड्यांची गोष्ट म्हणजे आजचा भाग. आणि ती समजायला आधी त्यांच्याशिवायचा ट्रॅक्टर समजून घ्यावा लागतो.

फोर्डसन: स्वस्त आणि धोकादायक

साल १९१७. पहिलं महायुद्ध. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी धान्याची जहाजं बुडवतायत. घोडे आणि माणसं सैन्यात गेलेली. शेत नांगरायचं कोणी? ब्रिटिश सरकारने हेन्री फोर्डकडे हजारो ट्रॅक्टर मागितले. फोर्डने ते 'हेन्री फोर्ड अँड सन' अशी वेगळी कंपनी काढून बनवले, आणि ट्रॅक्टरचं नाव पडलं फोर्डसन.

फोर्डसनने ट्रॅक्टरचं तेच केलं जे फोर्डच्या मॉडेल टी मोटारीने मोटारीचं केलं होतं. स्वस्त करून टाकला. १९२२ साली अमेरिकेत त्याची किंमत ६२५ डॉलरवरून थेट ३९५ डॉलरवर आणली. १९२८ पर्यंत अमेरिकेत सात लाखांहून जास्त फोर्डसन बनले. त्याआधीचे बरेच ट्रॅक्टर म्हणजे वाफेच्या इंजिनाची भावंडं, कित्येक टन वजनाची धुडं. फोर्डसन सव्वा टनाच्या आसपास. शिवाय त्याला वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बोल्टने जोडले की तोच ट्रॅक्टरचा कणा. डिझाइन म्हणून झकास.

पण या ट्रॅक्टरची एक वाईट ख्याती झाली. तो पुढून उचलायचा, मागे उलटायचा आणि चालकाला खाली घ्यायचा. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडकला, किंवा चाकं चिखलात रुतली, की कधी कधी हा प्रकार व्हायचा. त्या काळातल्या अमेरिकी मासिकांनी यावर आवाज उठवला, मृतांच्या याद्या छापल्या. पुढे फोर्डसनला मागे लांब मडगार्ड आले, म्हणजे निदान उलटताना ते जमिनीला टेकून अडवतील.

आपल्याकडे बैलगाडीसाठी एक शब्द आहे: उलाळ. मागे ओझं जास्त झालं की गाडीचं जू वर उठतं, गाडी उलाळ होते. फोर्डसन उलाळ व्हायचा. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर बैल जू मानेवर घेऊन गोंधळतात आणि गाडीवान खाली उडी मारतो. ट्रॅक्टरवर उडी मारायला वेळ नसतो.

किती वेळ असतो? अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांच्या प्रशिक्षणात एक आकडा हमखास सांगतात. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर परत न येण्याच्या बिंदूपर्यंत जायला साधारण पाऊण सेकंद लागतो. पूर्ण उलटायला दीड सेकंद. 'अरे, हा उचलतोय' हे डोक्यात येऊन पाय क्लचवर जाईपर्यंत पाऊण सेकंद होऊन गेलेला असतो.

चला, उलटवू या

आता गेममध्ये. मी आधी टीई-२० च्याच मापाचा एक सांगाडा केला, पण मागे तीन दांड्या नाहीत, फक्त एक हुक. पुढच्या चाकांवर उभ्या-उभ्या ४०० किलो भार येईल असं वजन वाटलं. मागे जाड दोर, आणि दोराच्या टोकाला एक जड ठोकळा. स्टॉर्मवर्क्समध्ये नांगरता येईल अशी माती नाही, त्यामुळे मातीचा विरोध म्हणून हे ओढायचं वजन.

गणित सातवीच्या तरफेचं आहे. ट्रॅक्टर मागच्या चाकाच्या जमिनीवरच्या टेकूभोवती फिरायला बघतो. मागे जेवढी ओढ आहे, तिला हुकाच्या उंचीने गुणा, आणि दोन चाकांमधल्या अंतराने भागा. तेवढं वजन पुढच्या चाकांवरून कमी होतं.

समजा ओढ ७०० किलोची. हुक जमिनीपासून दोन ठोकळ्यांवर. सातशे गुणिले दोन, भागिले सात. पुढचं वजन २०० किलोने कमी झालं. चारशेतले दोनशे शिल्लक. स्टिअरिंग हलकं लागेल, पण ट्रॅक्टर जमिनीवर आहे.

आता हुक चार ठोकळ्यांवर नेला. सातशे गुणिले चार, भागिले सात. ४०० किलो. पुढे शिल्लक शून्य!

ट्रॅक्टर तोच, इंजिन तेच, ओझं तेच. फक्त हुक अर्धा मीटर वर सरकवला, आणि पुढची चाकं हवेत.

आणि इथे दुसरी गोष्ट येते, जी कागदावर लगेच दिसत नाही, पण गेममध्ये दिसली. मागच्या अ‍ॅक्सलची उंची अडीच ठोकळे आहे. हुक दोनवर असताना, म्हणजे अ‍ॅक्सलच्या खाली असताना, पुढचा भाग थोडा उचलला की हुक खाली जातो आणि पुढे चाकाकडे सरकतो. हुक खाली गेला की उचलणारी ताकद कमी होते. म्हणजे सिस्टिम स्वतःला सावरते. मी ओझं इतकं जड केलं की ते हलेचना, म्हणजे फाळ दगडात अडकला असं समजा. तेव्हाही ट्रॅक्टर उचलला, थरथरला, चाकं घसरली आणि नाक परत जमिनीवर आलं.

हुक चारवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या वर असताना? सावरण्याची संधीच मिळत नाही. नाक वर, आकाश, आणि मग सीटच्या जागी जमीन. माझा ठोकळ्यांचा चालक खाली. रीसेट. पुन्हा. रीसेट. दहा वेळा केलं, दहाही वेळा उलटला.

यात इंजिनाचा हातभार पण समजून घ्या. इंजिन मागच्या चाकाला पुढे फिरवायला बघतं. चाक मोकळं असेल तर ते फिरतं. चाक रुतून जाम झालं असेल तर इंजिनाची ताकद कुठे जाणार? चाक फिरत नाही म्हटल्यावर ट्रॅक्टरचं धडच चाकाभोवती फिरायला लागतं. म्हणून रुतलेल्या ट्रॅक्टरचा क्लच झटक्यात सोडू नये असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यामागे हेच आहे.

बेलफास्टचा गॅरेजवाला

हॅरी फर्ग्युसन. जन्म १८८४, उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमध्ये, शेतकऱ्याच्या घरी. शेतात राबायला मात्र त्याला अजिबात आवडायचं नाही. मोठा भाऊ जो बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचा, हॅरी त्याच्याकडे गेला. मग मोटारसायकल शर्यती, मग विमान. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण मानतात. राईट बंधूंना उडून तेव्हा फक्त सहा वर्षं झाली होती. असा हा प्राणी.

१९१७ साली, तोच युद्धाचा काळ, आयर्लंडच्या कृषी मंडळाने त्याला एक काम दिलं: सरकारी ट्रॅक्टर नीट चालतायत का, ते बघायचं. फर्ग्युसन आणि त्याचा मेकॅनिक विली सँड्स शेताशेतांत फिरले. त्यांनी जे पाहिलं, ते आपण आत्ता गेममध्ये पाहिलं. ट्रॅक्टर पुढे, नांगर मागे, मध्ये साखळी किंवा हुक. म्हणजे घोडा काढला आणि त्या जागी इंजिन लावलं, बाकी व्यवस्था घोड्याचीच. पण घोडा उलाळ होत नाही. आणि फाळ दगडाला अडकला की घोडा थांबतो. इंजिन थांबत नाही.

बाकीचे यावर उपाय करत होते तो एकच: ट्रॅक्टर जड करा. जड ट्रॅक्टर उलटायला कठीण आणि त्याची पकडही चांगली. पण जड ट्रॅक्टर माती दाबून टाकतो, तेल जास्त पितो आणि महाग पडतो. फर्ग्युसनने प्रश्न वेगळा मांडला. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रं का मानायची? दोन्ही मिळून एक यंत्र का नाही?

सोपं वाटतं. याला त्याची जवळजवळ वीस वर्षं गेली. आधी एक हलका नांगर, मग दोन दांड्यांची जोडणी, मग हायड्रोलिक, मग १९२६ चं पेटंट, मग १९३३ साली काळ्या रंगाचा एक नमुना ट्रॅक्टर, आणि १९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊनबरोबर बाजारात आणलेला पहिला फर्ग्युसन-ब्राऊन. आपण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये जगणारी माणसं. वीस वर्षं एकाच बगवर!

तीन दांड्या करतात काय?

आता नीट लक्ष द्या, हा भागाचा गाभा आहे.

खालच्या दोन दांड्या नांगराला ओढतात. त्या ताणात असतात, दोरासारख्या. नांगर जमिनीत चालतोय, माती त्याला मागे धरतेय. फाळ खाली आणि ओढणारे सांधे वर, त्यामुळे नांगराचा वरचा भाग पुढे झुकायला बघतो. चालताना पाय दगडाला अडखळला की आपलं डोकं पुढे जातं ना, तसं. वरची दांडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे टॉप लिंक म्हणतात ती, या झुकण्याला अडवते. म्हणजे ती दाबात असते. ती नांगराचा धक्का घेते आणि ट्रॅक्टरला मागून वरच्या बाजूला पुढे ढकलते.

काय झालं कळलं? साध्या हुकात नांगराची ओढ ट्रॅक्टरचं नाक वर उचलत होती. इथे तीच ओढ टॉप लिंकमधून नाक खाली दाबायला मदत करते. फाळ जितका जोरात अडकेल, तितकी टॉप लिंक जास्त दाबते. जी ताकद माणूस मारत होती, तिलाच कामाला लावलं.

अजून एक गंमत. बाजूने बघताना या दांड्या समांतर नसतात. वरची आणि खालच्या, दोन्ही पुढे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. त्यांच्या रेषा पुढे वाढवा, त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात कुठेतरी एकत्र येतात. नांगर असा वागतो, जणू तो त्या बिंदूला बांधलाय. म्हणजे हुक मागे नाहीच, एखादा अदृश्य बैल पुढच्या अ‍ॅक्सलजवळ चालतोय आणि नांगर त्याच्या जुवाला आहे! बैल बाजूला सारून आलेल्या यंत्राने बैलाची जागाच परत घेतली.

गेममध्ये हे बांधणं सोपं नाही. वर-खाली दांड्या, मागे नांगर, पुढे ट्रॅक्टर, म्हणजे सांध्यांचा बंद चौकोन होतो, आणि असे बंद चौकोन गेमच्या फिजिक्सला झेपत नाहीत, सगळं थरथरायला लागतं. मी खालच्या दांड्या बिजागरीवर ठेवल्या आणि टॉप लिंकच्या जागी एक पिस्टन दिला. मग पुन्हा तेच हलणार नाही असं जड ओझं, तोच झटका. नाक जमिनीला चिकटून. चाकं जागच्या जागी फिरली, ट्रॅक्टर थांबला. पुन्हा केलं. पुन्हा थांबला. रात्री दीड वाजता एकटा बसून मी टाळ्या वाजवल्या, हे आईला सांगू नका.

१९२६ चा फीडबॅक लूप

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. टॉप लिंकमधला दाब हा खरं म्हणजे डेटा आहे. माती कडक लागली, दाब वाढला. माती मऊ लागली, दाब घटला. फर्ग्युसनने टॉप लिंकच्या टोकाला एक जाड स्प्रिंग लावली आणि ती हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हला जोडली. दाब वाढला की स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह सरकतो, नांगर थोडा वर उचलला जातो. दाब घटला की नांगर परत खाली. चालकाने लिव्हरने एकदा ठरवायचं की किती ओढ हवी, मग यंत्र ती सांभाळतं. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. सेन्सर नाही, चिप नाही, बॅटरी नाही. स्प्रिंग आणि तेल.

आणि उचलताना नांगराचं वजन, शिवाय त्याच्यावरच्या मातीचं वजन, मागच्या चाकांवर येतं. म्हणजे जिथे पकड हवी तिथेच, आणि जेव्हा हवी तेव्हाच भार. त्यामुळे अकराशे किलोचा ट्रॅक्टर स्वतःहून कितीतरी जड ट्रॅक्टरचं काम करतो. फाळ दगडाला जोरात धडकला तर? स्प्रिंग पूर्ण दबते, हायड्रोलिकचा दाब सुटतो, चाकांवरचा जास्तीचा भार जातो, चाकं घसरतात, ट्रॅक्टर उभा. सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला 'सुरक्षितपणे फेल होणं' म्हणतो, ते हे.

मी गेममध्ये हे पीआयडी कंट्रोलरने केलं. इंजिनाचा वेग पडला की ओढ वाढली असं धरायचं, आणि पिस्टन उचलायचा. सुधारणा किती जोरात करायची ते आकड्यांवर ठरतं. आकडा मोठा ठेवला तर नांगर डोलतो, वर-खाली, वर-खाली. लहान ठेवला तर फार उशिरा हलतो. योग्य आकडा सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि माझ्याकडे तो बदलायला कीबोर्ड होता. विली सँड्सकडे कानस होती. प्रत्येक बदल म्हणजे नवी स्प्रिंग, नवा व्हॉल्व्ह आणि पुन्हा चिखलात.

हस्तांदोलनावर चाललेला धंदा

ऑक्टोबर १९३८. फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत, डिअरबॉर्नला, हेन्री फोर्डच्या घराच्या आवारात पोचला. प्रात्यक्षिक दाखवलं. फोर्ड पंचाहत्तरीचा, स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, फोर्डसनचा जनक. त्याला जे दिसलं ते लगेच कळलं. दोघांनी हात मिळवले. फोर्ड ट्रॅक्टर बनवणार, फर्ग्युसन त्याची पद्धत देणार आणि विक्री सांभाळणार. लेखी करार? नाही. शब्द आणि हात.

जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला, किंमत ५८५ डॉलर. त्याच्या आणि त्याच्या युद्धकालीन भावाच्या मिळून तीन लाखांहून जास्त प्रती निघाल्या.

मग म्हातारा फोर्ड थकला, सूत्रं नातवाकडे गेली. हेन्री फोर्ड दुसरा याने हिशेब बघितला आणि ठरवलं की हा हस्तांदोलनाचा व्यवहार परवडत नाही. १९४७ मध्ये फोर्डने स्वतःचा ८एन काढला, तीन दांड्यांसकट, फर्ग्युसनशिवाय. त्याच वर्षी हेन्री फोर्ड वारला. ज्याच्याशी हात मिळवला तो माणूसच राहिला नाही.

फर्ग्युसनने जानेवारी १९४८ मध्ये दावा लावला: २५ कोटी १० लाख डॉलर. चार वर्षं खटला चालला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली, फोर्डने ९२ लाख ५० हजार डॉलर दिले. मागितलेल्याच्या चार टक्केही नाही. तोवर फर्ग्युसनच्या मुख्य पेटंटांची मुदत संपत आली होती. पेटंट संपलं की कल्पना सगळ्यांची. ट्रॅक्टर कंपन्यांनी एकामागून एक तीन दांड्या घेतल्या.

हे ऐकून वाईट वाटतं. पण दुसरी बाजू बघा. आज या जोडणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या गटात खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ मिलिमीटरची. एका कंपनीचा ट्रॅक्टर, दुसऱ्या कंपनीचा नांगर, गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेला तिसराच मोगडा, सगळं एकमेकांना बसतं. आमच्या भाषेत हा एपीआय झाला. लिहिणाऱ्याला त्याचे पूर्ण पैसे मिळाले नाहीत, आणि सगळं जग त्याच्यावर चालतंय. ओपन सोर्सवाले मित्र आत्ता मान हलवत असतील.

खटला सुरू होण्याआधीच फर्ग्युसनने इंग्लंडमध्ये दुसरी चूल मांडली होती. कोव्हेंट्रीच्या बॅनर लेनवर युद्धात विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना होता. तिथे स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ पासून टीई-२० बनवायला घेतला. दहा वर्षांत ५ लाख १७ हजारांहून जास्त. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तो पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून!

बांधताना या ट्रॅक्टरचे छोटे तपशील फार आवडले. स्टार्टरचं वेगळं बटण नाही, गिअरची दांडीच एका खास जागी नेली की इंजिन सुरू होतं. म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकून सुरू होणारच नाही. आणि जवळजवळ सगळे नट खोलायला एकच पाना पुरतो. वापरणाऱ्याचा विचार म्हणजे काय, ते इथे बघा.

आणि आपल्या रस्त्यावर?

१९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली आणि पुढे नाव झालं मॅसी फर्ग्युसन. १९६० मध्ये मद्रासला त्यांच्या सहकार्याने टॅफे सुरू झाली. आपल्याकडे लाल मॅसी दिसतो तो त्याच घराण्यातला.

म्हणजे प्रश्न सुटला? नांगरापुरता सुटला. आता दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. एक ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. चढ आला, पुलाचा उतार आला की पुढची चाकं जमीन सोडतात. कुठे पुढे जादा वजनं लावलेली, कुठे बंपरवर चक्क माणूस उभा. आपण व्हिडिओ काढतो, त्याला गाणं लावतो.

पण ट्रॉली तीन दांड्यांना लागत नाही. ती हुकाला लागते. तिथे ना टॉप लिंक आहे, ना स्प्रिंग, ना तो अदृश्य बैल. तिथे पुन्हा १९१७ चं गणित आहे: ओढ गुणिले हुकाची उंची. त्यात ट्रॉली दोनच चाकांची असेल तर तिचा पुढचा भारही हुकावर, अ‍ॅक्सलच्या मागे, म्हणजे नाक अजून हलकं. शंभर वर्षांपूर्वीचा फोर्डसन आपण रोज ओव्हरटेक करतो.

मी शेवटचा प्रयोग तोच केला. तयार झालेल्या, तीन दांड्यांच्या, शहाण्या टीई-२० ला एक साखळी लावली, टॉप लिंकच्या वरच्या भोकाला. झाडाचं खोड उपटताना किंवा रुतलेली गाडी काढताना 'वर बांध, जोर बसेल' म्हणून जिथे बांधतात तिथे. थ्रॉटल दिला. एका सेकंदात उलटा. जगातलं उत्तम डिझाइन, आणि चुकीच्या भोकातली एक साखळी.

तर घरी किंवा गावाकडे ट्रॅक्टर असेल तर एवढं सांगा. ओढायचं ते खालच्या हुकालाच, अ‍ॅक्सलच्या वर कधीही नाही. अडकलं तर क्लच हळू सोडा. आणि चालकामागे एक लोखंडी कमान. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट १९५९ सालीच सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी कमान जमिनीवर टेकते आणि पट्टा बांधून बसलेल्या माणसाला जागा राहते. आपल्या रस्त्यांवर ती शोधावी लागते. माझ्या मॉडेलमध्ये त्या कमानीला नऊ ठोकळे लागले. ती लावल्यावर मी टीई-२० पुन्हा त्याच साखळीने उलटवला. ट्रॅक्टर पाठीवर पडला, चाकं वर फिरत राहिली, आणि ठोकळ्यांचा चालक सीटवर तसाच होता.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात ट्रॅक्टर उठतो त्याला काय म्हणतात, उलाळ की आणखी काही, ते मला नक्की कळवा. शब्द गोळा करतोय. आणि हा भाग त्या एका मित्राला पाठवा, ज्याच्या स्टेटसला पुढची चाकं हवेत असलेला ट्रॅक्टर आहे. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.